मुलुंडच्या यादीतल्या प्रेमा घाडी

पाच रस्त्याकडून योगी हिलच्या चढाला लागलं, की सकाळच्या वेळी एक पांढरी गाडी हमखास मध्येच गचके खाऊन बंद पडलेली दिसते. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून कान किटवतो. स्टिअरिंगवरचं पोरगं घामाघूम होतं. मग शेजारच्या सीटवरची बाई खिडकीतून अर्धी बाहेर वाकते आणि रिक्षावाल्याला सुनावते, "काय रे, तू आईच्या पोटातून शिकून आलास काय? जरा दम धर ना!" रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढतो. बाई पोराकडे वळते. "चावी फिरव. क्लच पूर्ण दाब. घाबरायचं नाही, ब्रेक माझ्या पण पायाखाली आहे."

ही बाई म्हणजे प्रेमा घाडी. वय अठ्ठेचाळीस. वडील परळच्या गिरणीत होते. संप फसल्यावर ते बिऱ्हाड घेऊन भांडुपच्या डोंगरावर आले आणि पुढे जन्मभर वॉचमनकी केली. प्रेमाचं लग्न मुलुंडच्या अनंत घाडीशी झालं. तो शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. साखरेनं त्याची नजर अधू केली तेव्हा व्हॅन परक्या ड्रायव्हरच्या हाती द्यायला त्याचं मन होईना. चेकनाक्याजवळच्या मोकळ्या मैदानात त्यानं बायकोलाच शिकवलं. चिडून, ओरडून, एकदा तर रुसून गाडीतून उतरून चालत घरी जाऊन शिकवलं. प्रेमानं ती व्हॅन बरीच वर्षं चालवली. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद पडल्या, व्हॅन विकली, आणि ती चंद्रप्रकाश शेठच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये लागली. शेठ आधी का-कू करत होता. पण महिन्याभरात पोरींच्या आया येऊन "मॅडमवाली गाडी द्या" म्हणायला लागल्या, तशी त्याची का-कू थांबली.

शिकायला येणारी बहुतेक मुलं नुकतीच अठरा झालेली. बारावीची परीक्षा संपली की त्यांचा लोंढाच यायचा. प्रेमाच्या चाळीत वरच्या मजल्यावर शुभाताई राहायच्या. त्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, आणि आपल्या भागाच्या मतदार यादीचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलेलं. जिने चढून चढून गुडघे धरले की त्या प्रेमाच्या दारात टेकायच्या.

"अगं, म्हातारी माणसं बरोब्बर सापडतात मला," त्या एकदा म्हणाल्या. "ही अठरा-एकोणीसची पोरं कुठे असतात कोण जाणे. क्लासला, कॉलेजला, नाहीतर झोपलेली. आईबाप म्हणतात, त्याचं आधार आहे ना, मग नाव आपोआप येईल. कुठलं आपोआप? अर्ज नको करायला?"

"मला सापडतात ना," प्रेमा म्हणाली. "अर्धा अर्धा तास माझ्या शेजारी बसलेली असतात. पळून कुठे जातायत?"

तिथून सुरुवात झाली. शिकवणी संपली की प्रेमा विचारायची, "लायसन्स आलं. आता पुढे? मतदार यादीत नाव घातलंस?" सुरुवातीला तिचा स्वतःचाच गोंधळ उडायचा. अठरा कधी पूर्ण हवीत, कुठल्या तारखेला, हे ती शुभाताईंना दहादा विचारायची. मग तिच्या डोक्यात बसलं. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा धरायच्या. त्या दिवशी अठरा पूर्ण असली की नाव लागतं, आणि सतरा पूर्ण झाल्यावर अर्ज आधीच करून ठेवता येतो. कागद तर लायसन्सला लागतात तेच. मागच्या सीटवर आपल्या पाळीची वाट बघत बसलेली मुलं मोबाइलवर तिथल्या तिथे अर्ज भरून टाकायची. काही जण तोंड वाकडं करायचे. "मॅडम, माझ्या एका मतानं काय होणार?" प्रेमा म्हणायची, "भाषण मला येत नाही रे. नाव असलं तर त्या दिवशी जायचं की नाही ते तू ठरवशील. नाव नसलं तर ठरवायला काही उरतच नाही." पटलं तर पटलं. नाही पटलं, तर गाडी रिव्हर्स घ्यायला लावायची.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये रुचिरा नावाची एक मुलगी शिकायला आली. वाणिज्य शाखेची, तोंडाने फटकळ, पायाने त्याहून. तिच्या हाती गाडी आली की प्रेमाचा ब्रेकवरचा पाय दुखायचा. तिनं सिग्नलला उभ्या उभ्याच नावाचा अर्ज पूर्ण केला आणि सहज विचारलं, "मॅडम, तुमचं सेंटर कुठलं? मला बहुतेक तेच येईल ना? आपण जवळजवळच राहतो."

"माझं नाव गावाला आहे गं. देवगडकडे."

"म्हणजे? तुम्ही तर इथे राहता."

"सासर आहे ना ते. लग्न झाल्यापासून तिकडेच नाव."

"पण तुम्हीच तर आम्हाला सांगता, जिथे राहतो तिथेच नाव घालायचं." सिग्नल हिरवा झाला होता. रुचिरानं क्लच सोडला, गाडी बंद पडली, मागून हॉर्नचा गदारोळ उठला आणि विषय तिथेच राहिला.

प्रेमाच्या डोक्यातून मात्र तो जाईना. लग्नानंतर सासऱ्यांनी तिचं नाव गावच्या यादीत घातलं. तिला कोणी विचारलं नव्हतं, तिनंही कधी विचार केला नव्हता. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की मुंबईकरांसाठी गाडी लागायची. रात्रभर प्रवास, सकाळी आंघोळ, देवाला नारळ, शाळेत जाऊन मत, दुपारी माशाचं जेवण आणि परत. कोणाला मत द्यायचं ते मोठे दीर दत्ताराम सांगायचे. मुलुंडला मात्र चाळीच्या मागचा नाला तुंबो, पाणी पहाटे चारला येवो, ज्या माणसाकडे गाऱ्हाणं न्यायचं त्याला निवडायच्या दिवशी प्रेमा घरी कपडे धूत असायची.

संध्याकाळी तिनं शुभाताईंना गाठलं. शुभाताई जरा अवघडल्या. "मला माहीत होतं गं. शेजारीण म्हणून बोलले नाही. नियम असा आहे, की माणूस नेहमी राहतो तिथली यादी. गावात घर असलं, जमीन असली, म्हणून तिथे नाव ठेवता येत नाही. आणि दोन ठिकाणी तर मुळीच नाही."

"मग मला काय करायचं?"

"आठ नंबरचा अर्ज. पत्ता बदलल्याचा. इकडे लागलं की तिकडचं जातं."

अनंतनं ऐकलं तेव्हा तो जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. "तू वेडी आहेस काय? दादा गेल्या वेळी ग्रामपंचायतीत किती थोडक्यात निवडून आला माहीत आहे ना? आपली दोन मतं गेली तर त्याची वाटच लागली."

"तुमचं मी कुठे म्हणते? मी माझं म्हणते."

"तुझं आणि माझं वेगळं आहे काय?"

"मत वेगळंच असतं ना," प्रेमा म्हणाली, आणि आपण हे काय बोलून गेलो म्हणून स्वतःच चपापली.

अनंत चिडला होता, पण त्याची बाजू अगदीच खोटी नव्हती. दत्ताराम घाडी म्हणजे नुसता मतांसाठी फोन करणारा माणूस नव्हे. गावचं घर त्यांनीच उभं ठेवलं होतं. अनंतचे डोळे अधू झाले तेव्हा भाताची पोती घेऊन तेच पहिल्यांदा आले होते. शिवाय त्यांची मुलगी अक्षता वर्षभर प्रेमाकडेच राहत होती, नर्सिंगला होती. प्रेमा-अनंतला मूलबाळ नव्हतं. अक्षता आल्यापासून घरात बोलणं वाढलं होतं, आरसा कायम अडलेला असायचा, आणि प्रेमाला ते आवडत होतं. या माणसाला दुखवायचं कसं?

तिनं आठवडाभर काही केलं नाही. नव्या मुलांना नावाबद्दल विचारायचंही तिच्याकडून राहून जायला लागलं. मग एका रविवारी दुपारी तिनं अक्षताला जवळ बसवलं, मोबाइल हातात दिला आणि अर्ज भरायला लावला. भरून झाल्यावर स्वतःच दिरांना फोन लावला. उगाच दुसऱ्याकडून कळायला नको.

दत्ताराम म्हणाले, "गे प्रेमा, तू माका इतक्याच सांग. घर हंय आसा का नाय? देव हंय आसा का नाय? मगे नाव थंय कित्याक?"

"भावजी, घर तिथे आहे, देव तिथे आहे, सगळं मान्य. पण वर्षाचे अकरा महिने मी इथे राहते. ह्या पोरांना रोज एक सांगायचं आणि आपण दुसरं करायचं, ते जमेना मला."

"पोरां काय तुझी यादी बघूक येतत?"

"एक आली ना बघायला."

"बरा," दत्ताराम म्हणाले. "तुझा तू केलंस. आता आमच्या अक्षताचा नाव तरी हंयच घालूचा. ती माझी पोर आसा." आणि फोन ठेवला.

आता अक्षताचा प्रश्न उभा राहिला. मार्चमध्ये तिला अठरा पूर्ण झाली होती आणि तिचं नाव अजून कुठेच नव्हतं. प्रेमाला वाटलं, नियम एकच, तिचंही मुलुंडलाच लागणार, आणि दिरांशी दुसरं भांडण होणार. ती धास्तावूनच शुभाताईंकडे गेली. शुभाताई म्हणाल्या, "शिकायला बाहेर राहणाऱ्या मुलांचं वेगळं आहे. आईवडिलांच्या पत्त्यावर घालता येतं, किंवा शिकतात तिथल्या. एकच ठिकाण, पण निवड तिची."

प्रेमानं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आपलं काही जोडलं नाही. अनंत म्हणाला, "बघ, दादाला बरं वाटेल." प्रेमाला आतून वाटत होतं, पोरीनं इथे घालावं. बरोबर जाता येईल, एकाच रांगेत उभं राहता येईल. पण ती बोलली नाही.

अक्षतानं दोन दिवस घेतले. मग भाकरी थापणाऱ्या काकीच्या पाठीशी उभी राहून म्हणाली, "काकी, मी गावाला घालते. तुला राग नाही ना येणार?"

"बाबा बोलले म्हणून?"

"नाही गं. आमच्या उपकेंद्रात दीड वर्ष नर्स नाहीय. आजीला इंजेक्शनला रिक्षा करून न्यायला लागतं. मी शिकून तिकडेच जाणार आहे, मला ते ठाऊक आहे. इथे मी कोणाला ओळखते? तिथे सगळ्यांना ओळखते. कोण काम करतो, कोण नुसता नारळ फोडतो, सगळं."

"आणि बाबांच्याच माणसाला देशील?"

"ते मी सांगणार नाही," अक्षता म्हणाली. "तुला पण नाही."

प्रेमाला हसू आलं. थोडं वाईटही वाटलं. भाकरी मात्र त्या नादात करपली.

पंधरा-वीस दिवसांनी शुभाताई कागद घेऊन रीतसर पडताळणीला आल्या. "प्रेमा अनंत घाडी इथेच राहतात का?" दारात उभं राहून त्यांनी सरकारी आवाजात विचारलं.

"अहो शुभाताई, कालच तर माझ्याकडून आल्याची कुंडी नेलीत!"

"ते वेगळं. सही कर इथे."

पावसाळ्याआधी प्रेमाचं नाव मुलुंडच्या यादीत आलं आणि गावच्या यादीतून गेलं. अक्षताचं गावच्या यादीत लागलं.

गणपतीला सगळे गावाला गेले. दत्ताराम अनंतशी बोलत होते, अक्षताशी बोलत होते. प्रेमानं चहा पुढे केला की कप घेत होते आणि भिंतीकडे बघत होते. वाडीतला एक जण आरतीनंतर मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "काय वयनी, आता तुम्ही पावण्या!" प्रेमाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मागच्या पडवीत जाऊन नारळ खवायला बसली. जाऊ रुक्मिणी शेजारी येऊन विळी ओढून बसली. खाली मान घालून, हळूच म्हणाली, "मनार घेव नको. माका आज इतकी वर्सां झाली, कोणी इचारूक नाय, तुका खंय घालूचा हा मत म्हणान. तू इचारल्याशिवाय केलंस, म्हणान त्यांका लागला." पुढे दोघी नारळ खवत राहिल्या. मोदक भरपूर झाले.

महापालिकेची निवडणूक बरीच वर्षं रखडली होती. ती जानेवारीत ठरली आणि मुलुंडमध्ये एकदम जाग आली. तेव्हा प्रेमाकडे धवल नावाचा मुलगा शिकत होता. ऑगस्टमध्ये अठरा झालेला, उत्साही, नाव नोंदवून ओळखपत्रही मागवून बसलेला. एक दिवस तो गाडीत येऊन धाडकन दार लावून बसला.

"मॅडम, माझं नाव नाहीय! म्हणजे आहे, पण ह्या निवडणुकीत चालत नाही म्हणे."

प्रेमानं तिथूनच शुभाताईंना फोन लावला. या निवडणुकीला एक जुलैपर्यंतची यादी धरली होती. त्यानंतर अठरा झालेल्यांना, यादीत नाव असलं तरी, या खेपेला मत नव्हतं.

"हे काय यार! गाडी चालवायला अठरा चालतात, कोर्टात उभं करायला चालतात, आणि मत द्यायला थांबा?"

"थांबायलाच लागेल रे. कुठेतरी यादी बंद करायला लागते ना."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मला तरी कुठे माहीत होतं?" प्रेमा म्हणाली. "तुला नाव घाल म्हटलं, ते बरोबर. पण लगेच मत मिळेल असं मी धरून चालले, ते चुकलं. पुढच्या निवडणुकीला तुझं नाव आहेच, ते कुठे जात नाही."

धवल त्या दिवशी रागारागात गाडी चालवत होता, आणि गंमत म्हणजे पहिल्यांदाच योगी हिलच्या चढावर त्याची गाडी बंद पडली नाही. तेव्हापासून प्रेमा मुलांना नाव घालायला सांगताना कुठली निवडणूक, कधीची यादी, हे शुभाताईंना विचारून घेते, आणि माहीत नसेल तर सरळ "माहीत नाही, विचारून सांगते" म्हणते.

मतदानाच्या दिवशी प्रेमा सकाळीच तयार झाली. केंद्र जवळच्या शाळेत असेल असं तिनं धरलं होतं. चिठ्ठी बघितली तर रस्त्यापलीकडचं दुसरं निघालं. अनंत सोबत आला. त्याचं मत नव्हतं, पण "एवढ्या दूर तू एकटी कुठे शोधत बसतेस" म्हणाला. दूर म्हणजे दहा मिनिटांवर. वाटेत एका इमारतीखाली धवल दिसला. लायसन्स नुकतंच हाती आलेलं, आजीला पुढच्या सीटवर बसवून केंद्रावर घेऊन चालला होता. त्यानं प्रेमाला बघून आरसा नीट केला, सिग्नल दिला आणि अगदी शिकवल्यासारखी गाडी बाहेर काढली.

रांग बायकांची लांब होती. पुढच्या दोघी प्रेमाला म्हणाल्या, "तुम्ही इथल्याच काय? कधी बघितलं नाही इथे." "पंचवीस वर्षं इथलीच," प्रेमा म्हणाली, "पण यादीत नवीन." रुचिरा तिच्या मागून येऊन रांगेत उभी राहिली आणि तासभर बडबडत होती. कुठला उमेदवार काय म्हणतो, कोणाचं पत्रक तिनं वाचलं, कोणाला नाल्याबद्दल विचारलं आणि कोणी फक्त हात जोडले. प्रेमा ऐकत होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीही तिला कोणाचं नाव सांगितलं नव्हतं, आणि त्यामुळे आत यंत्रासमोर ती जरा जास्तच वेळ उभी राहिली. बाहेर येताना तिच्या कपाळावर घाम होता. अनंतनं विचारलं, "एवढा वेळ काय करत होतीस?"

"वाचत होते."

अनंत थोडा वेळ चालला. मग म्हणाला, "माझा पण अर्ज भरून टाक त्या अक्षताकडून. दादाला मी सांगतो." सांगितलं त्यानंच, पण फोन हातात धरून दोन दिवस घालवल्यावर. दत्तारामांनी ऐकून घेतलं. "कर तुका काय करूचा ता," एवढंच म्हणाले.

फेब्रुवारीत जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. अक्षता एकटी गावाला गेली आणि मत देऊन परत आली. ती पोचली त्याच संध्याकाळी प्रेमाच्या मोबाइलवर दत्तारामांचा फोन आला. नाव बदलल्याचं तिनं सांगितलं, त्यानंतरचा पहिलाच.

"प्रेमा, ही पोर तूच बिघडवलंस."

"काय झालं भावजी?"

"मत कोणाक घातल्यान ता सांगणा नाय. बापसाक सांगणा नाय! केंद्रातसून भायर इली आणि माकाच इचारता, बाबा, उपकेंद्राचा तुम्ही काय केलात?"

"मलाही नाही सांगितलंन हो."

"तुका पण नाय?"

"शप्पथ नाही."

मग दत्ताराम हसले, आधी नाकातून, मग मोठ्यानं. "आमच्या आवशीवर गेली ती. ती पण कोणाचा आयकणा नाय." मागून रुक्मिणीचा काहीतरी आवाज आला. दत्तारामांनी तिला "गे, इचारतंय, इचारतंय" म्हटलं आणि फोनवर परत आले. "शिमग्याक येतलात मां? वरची खोली झाडून ठेवतंव."

"येतो," प्रेमा म्हणाली, आणि अनंतकडे बघून पुन्हा म्हणाली, "दोघंही येतो."